राखून ठेवलेला निकाल

आमच्या घरात स्वयंपाक मी करीत असे आणि निकाल हे देत असत.

हे कोर्टात शिरस्तेदार होते. लग्नाआधी नोकरीला लागल्यापासून रोज माणसं शपथ घेऊन खोटं बोलताना ऐकली, त्याचा यांच्या मनावर भलताच परिणाम झाला. आपण मेलो तरी खोटं बोलायचं नाही, असा यांनी नेम धरला. लोक सोमवार धरतात, एकादशी धरतात. यांनी सत्य धरलं. सोमवार आठवड्यातून एकदाच येतो आणि जातो. यांचं सत्य रोज दोन्ही वेळ पानावर बसायचं. पहिला घास घेतला की हे क्षणभर थांबत आणि निकाल सांगत. "आमटीत चिंच अंमळ पुढं गेली." "भाकरी चांगली आहे, पण कालची जास्त चांगली होती." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या आईनं मोठ्या हौसेनं विचारलं, जावईबापू, श्रीखंड कसं झालंय? यांनी चक्का आंबल्याचं पंगतीत सांगितलं. आई पुढं बारा वर्षं जगली, पण यांच्या पानात तिनं श्रीखंड पुन्हा कधी वाढलं नाही.

मी या निकालांवर रोज अपील करी आणि ते रोज फेटाळलं जाई. अडतीस वर्षं आमचा संसार असा चालला. भांडणाला निराळा विषय लागलाच नाही.

शहरात मार्शल लॉ येऊन गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. हे पेन्शनीत निघाले होते. घरात आम्ही दोघंच. माझे दात अकरा उरले होते, यांचे चौदा. दोघांचे मिळून पंचवीस, म्हणजे एका बऱ्या माणसापुरते. सोलापुरात राहून कडक भाकरी खायची नाही म्हणजे जगायचं कशाला, तेव्हा आम्ही ती दुधात नाहीतर वरणात कुस्करून खात होतो आणि कडकच खातो आहोत असं मानत होतो. मुलगा हुबळीला रेल्वेत होता. आता तिथं चूल कशाला, इकडे या, असं तो प्रत्येक पत्रात लिही. मी एकदा ठणकावून उत्तर धाडलं होतं की ज्या दिवशी माझ्या हातची चव जाईल त्या दिवशी बोचकं बांधून येईन, तोवर दुसरीच्या चुलीपाशी बसणार नाही. मी एकदा बोलले की बोलले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता माझ्या स्वयंपाकाची रीत सांगायला हवी, कारण घोटाळा सगळा तिच्यात झाला. आमच्याकडे एक घड्याळ होतं, पण ते बाहेरच्या खोलीत, आणि चालायचं यांच्या मर्जीनं. मिलचा भोंगा ऐकू येई, पण भोंग्यावर आमटी उतरवता येत नाही. माझं घड्याळ माझ्या तोंडात होतं. आईनं मला देवीचं एक एकवीस श्लोकांचं स्तोत्र शिकवलं होतं आणि त्याच्याबरोबरच स्वयंपाकही शिकवला होता. पहिल्या श्लोकाला फोडणी, नवव्याला मीठ, चौदाव्याला गूळ, एकविसावा संपला की भांडं खाली. नैवेद्य व्हायच्या आधी चाखून बघायची सोय नव्हती; देवाच्या आधी आपली जीभ लावायची नाही, हा नियम. पण मला चाखायची गरजही पडली नव्हती. नवव्या श्लोकाला हात आपोआप मिठाकडे जायचा. पुण्य आणि आमटी एकाच वेळी शिजत असे आणि दोन्हींचा मला अभिमान होता.

त्या वर्षी आषाढी एकादशीला हे देवळातून पुराण ऐकून आले आणि पाटावर बसून गंभीरपणे म्हणाले की आपण उद्यापासून चातुर्मासभर मौनानं जेवणार. नुसतं बोलायचं नाही एवढंच नाही, हूं की चूं करायचं नाही. हवं-नको ते हातानं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. चार महिने निकाल नाही. मी मनात म्हटलं, देवीनं माझं अपील शेवटी दाखल करून घेतलं.

पहिले आठ दिवस मजेत गेले. हे पहिला घास घेत, डोळे मिटत, आणि यांच्या डोळ्यांत पाणी येई. मला वाटे, मौनात अन्न घेतलं की अंतःकरण असं भरून येतं. मग तांब्याभर पाणी पीत. पूर्वी एक तांब्या पुरे, आता दोन लागायला लागले. गोग्रासाला पूर्वी एक घास काढून ठेवत, आता चांगला मूदभर भात आमटीत कालवून ठेवायला लागले. गाय बिचारी आमच्या दाराशी वेळेच्या आधी येऊन उभी राही आणि ओटा चाटूनपुसून लख्ख करून जाई. मी शेजारणींना सांगितलं की घरात व्रत चाललं आहे ते मुक्या जनावरालासुद्धा कळतं.

श्रावण लागला तेव्हा यांनी आणखी एक नेम काढला. सोमवारी अळणी जेवायचं. सोमवार मी समजू शकत होते, सिद्धेश्वराचा वार. मग गुरुवारही अळणी झाला. भाद्रपदात शनिवार त्यात आला. आणि नवल असं की अळणी दिवशी हे पोटभर जेवत, परत परत वाढून घेत, आणि मिठाच्या दिवशी दोन घास खाऊन ताकभातावर येत. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. जिभेचे चोचले सुटणं ही साधी गोष्ट नाही. पुराणात सांगतात, ज्यानं जीभ जिंकली त्यानं संसार जिंकला, आणि संसार जिंकलेला माणूस पुढं काय करतो हेही पुराणातच सांगतात.

नवरात्रात यांनी रात्रीचं जेवण सोडलं. त्याच सुमारास मी भवानी पेठेतून नवं विटकरी लुगडं आणलं होतं. विणकराच्या बायकोनं बजावलं होतं की पहिल्या धुण्याला वेगळं भिजव, रंग जातो. मी विसरले. मी त्या दिवसांत बरंच विसरत असे, पण वय झालं असं कबूल करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आठवणं मला बरं वाटे. यांचं धोतर त्या लुगड्याबरोबर भिजलं आणि भगवं होऊन निघालं. मी निकालाची तयारी ठेवून ते यांच्यापुढं धरलं. यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "बरा दिसतो की रंग." आणि नेसले.

खोटं न बोलणारा माणूस तो. रंग बरा दिसतो म्हणाले म्हणजे खरोखरच बरा वाटला. मला दरदरून घाम सुटला. बोलणं सुटलं, मीठ सुटलं, एक वेळचं अन्न सुटलं, अंगावर भगवं आलं. राहिलं होतं काय तर मी. हे संन्यास घेणार आणि गाणगापुराकडे कुठंतरी निघून जाणार, याबद्दल मला शंका उरली नाही. मी खूप भ्याले. अडतीस वर्षं ज्या माणसाच्या निकालांना मी शिव्या घातल्या, तो माणूस समोरच्या पाटावर नसला तर मी भाकरी कुणासाठी थापायची, हे मला कळेना. देवापुढं बसून मी सांगितलं की हे बघ, तुला भक्त हवे असतील तर गावात पुष्कळ आहेत, हा माझा राहू दे.

मला एवढं माहीत होतं की बायकोच्या परवानगीशिवाय संन्यास घेता येत नाही. हे विचारणार आणि मी नाही म्हणणार, असं ठरवून मी तयारीत राहिले.

दसरा झाल्यावर एक दिवस मी भाकरी थापत होते. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. एकदा खाकरले, दोनदा खाकरले.

"ऐकलंस का? एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. पुष्कळ दिवस मनात आहे. धीर होत नाही."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "काय ते मला ठाऊक आहे. मी जिवंत असेपर्यंत ते व्हायचं नाही. विचारूच नका."

"तुला ठाऊक आहे?"

"अडतीस वर्षं काय डोळे मिटून काढली?"

यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग यांचा चेहरा एकदम सैल झाला. "तुला ठाऊक आहे, मग प्रश्नच मिटला," म्हणाले, "आता तो विषय पुन्हा काढत नाही," आणि बाहेर जाऊन झोपाळ्यावर बसले. मी जिंकले असं मला वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी यांनी रविवारही अळणी करून टाकला, आणि जिंकून आपल्या पदरात काय पडलं ते मला समजेना.

मोहोळकडच्या एका वाडीवरून एक बाई दर मंगळवारी बाजाराला येई. घरधनी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरे, ही घरच्या म्हशीचं तूप विकी. आमच्याकडे तिचा रतीब होता. तूप मापून झालं की ती ओट्यावर बसून भाजीभाकरी खाई आणि वाडीवरच्या बातम्या सांगे. माझ्याच वयाची, पण दात सगळे शाबूत, म्हणून माझा तिच्यावर थोडा राग होता. कार्तिक लागल्यावरच्या मंगळवारी ती आली, तेव्हा भाकरी वाढताना मला रडू आलं. तिनं काय झालं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. मौन, अळणी वार, भगवं धोतर, आणि आता एकादशी झाली की हे जाणार.

तिनं तोंडापाशी नेलेला घास परत ताटात ठेवला आणि अशी हसायला लागली की तिचा पदर पडला.

"सन्यास कशाचा आक्का? मिठाचा सन्यास हाय त्यो. तुमच्या कालवनात दोनदा मीठ पडतंय की. लई दिस झालं."

मी म्हटलं, मग तू आजवर बोलली का नाहीस?

"बोलनारच व्हते. आखाडातच म्हननार व्हते. पन तुमचं मालक गल्लीच्या तोंडाला हुबं व्हते. मला हात जोडलं की त्यांनी. म्हनले, बाई, तिला सांगू नगा, तिचा समदा जीव चुलीत हाय. येवडा मोठा मानूस, हात जोडतूय. म्या म्हनलं, मीठच हाय, इख तर न्हाय."

मग जाता जाता तिनं गाईचंही सांगितलं. गाईला मीठ लई आवडतं म्हणे.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन आमटी चाखली. नैवेद्य झालेला होता. चांगली एक पळी घेऊन तोंडात घोळवली. मला ती बरोबर लागली. बरोबर म्हणजे अगदी नेमकी, आईच्या हातची लागे तशी. पुन्हा घेतली, पुन्हा बरोबर. चार महिने मी हेच जेवत होते आणि आपल्या हाताला अजून चव आहे म्हणून देवीचे आभार मानत होते. माझी जीभ मला न सांगता कधीच निघून गेली होती. संन्यास कुणी घेतला असेल तर तिनं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःवर पाळत ठेवली. फोडणी झाली, नववा श्लोक आला, मीठ पडलं. अकरावा झाला, बारावा झाला, आणि तेराव्याला मला वाटलं, आपण कुठवर आलो बरं? तोंड थांबलं. अर्धवट स्तोत्र देवाला म्हणायचं नाही म्हणून मी सवयीनं पहिल्यापासून सुरू केलं. नववा आला, आणि उजवा हात मिठाच्या लाकडी सटाकडे निघाला. मी तो डाव्या हातानं धरला. तशीच चुलीपुढं बसून आधी हसले आणि मग रडले. हे जाणार नाहीत म्हणून हसले, आणि म्हातारपण आलं म्हणून रडले. आमटीचं त्या दिवशी पाणी आटलं.

मग मला राग आला. तूपवालीला हात जोडता येतात आणि मला एक शब्द सांगता येत नाही? सत्याचं एवढं स्तोम माजवणारा माणूस, माझ्या वेळी मौन धरून बसतो? खोटं बोलायला नको आणि खरंही बोलायला नको म्हणून यांनी चातुर्मासाच्या आड दडी मारली होती. मी ठरवलं, द्वादशीला मौन सुटेल तेव्हा बघू. जीभ मोकळी झाली की काय बोलतात ते ऐकू. तोवर मी एक चकार शब्द काढला नाही. चुलीजवळ एकवीस चिंचोके मांडून ठेवले, श्लोक झाला की एक चिंचोका पलीकडे सरकवायचा. मीठ एकदाच पडू लागलं. हे जेवताना दचकले, माझ्याकडे पाहिलं, पण मौन होतं, काय करणार?

द्वादशी आली. मौनाचं उद्यापन म्हणून तांबटाकडून आणलेली घंटा यांनी भटजींना दान दिली. भटजींना दुसरीकडे जेवायचं होतं, ते सुदैवानं घंटा वाजवीत निघून गेले. मी सगळा स्वयंपाक केला. घेवड्याची भाजी, आमटी, काकडीची कोशिंबीर, भात, शेंगांची चटणी, पुरण. एकाही पदार्थात मिठाचा कण घातला नाही. नैवेद्य दाखवताना देवाला म्हटलं, चार महिने तुला खारट चाललं, आज अळणी चालवून घे, घरातलं काम आहे.

पानात आधी मीठ वाढायचं असतं, ते वाढलं. मग बाकीचं वाढलं. यांनी चित्राहुती घातल्या, आमटीभात कालवला, पहिला घास घेतला. मी समोर पंखा घेऊन बसले होते. चार महिन्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कसं झालंय?"

यांनी घास सावकाश चावला. माझ्याकडे पाहिलं. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात चढतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होत असेल ते मला तेव्हा कळलं.

"आज मीठ," हे म्हणाले, "अगदी नेमकं पडलंय."

मी पंखा खाली ठेवला. "आज एकाही पदार्थात मीठ घातलेलं नाही."

हे कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. शेवटी म्हणाले, "तूपवाली बोलली वाटतं."

"बोलली. आणि तुम्ही खोटं बोललात. देवापुढं, घंटा दान देऊन तास झाला नाही तोवर."

"बोललो," यांनी लगेच कबूल केलं.

मग माझा बांध फुटला आणि मी संन्यासाचं सगळं सांगितलं. माझी परवानगी, माझी भीती, भगवं धोतर. त्या दिवशी उंबऱ्याशी आपल्याला मिठाचंच सांगायचं होतं, असं म्हणता म्हणता यांना हसून ठसका लागला. तांब्याभर पाणी प्यायले, आज मीठ नसूनही. ठसका थांबल्यावर मात्र यांचा आवाज खाली आला.

"तुझी चव गेली असं मी म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी बोचकं बांधलं असतंस. तुला मी ओळखतो. हुबळीला सून चांगलं करून घालील. पण मला तिथं जेवायचं नाही. खारट तर खारट, मला इथंच जेवायचं आहे."

मी पुन्हा पंखा उचलला आणि उगीचच जोरानं वारा घालू लागले. मग सांगितलं की खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागेल. उद्यापासून स्वयंपाकाच्या वेळी उंबऱ्यात बसायचं आणि माझ्या श्लोकांचे चिंचोके मोजायचे, नववा झाला की खाकरायचं. हे म्हणाले, कबूल. आणि यांनी पानातलं चिमूटभर मीठ उचललं, आमटीभातात घातलं, बोटांनी नीट कालवलं, घास घेतला आणि पूर्वीसारखे क्षणभर थांबले.

"आता मीठ अंमळ जास्त झालं," हे म्हणाले.

मला चव कळत नव्हती, तरी मी म्हटलं, "मुळीच नाही. नेमकंच आहे."